कोजागिरीसाठी पेरू-सफरचंदाचं गरम क्रंबल: आधीपासूनची तयारी

कोजागिरीला गच्चीवर दहाएक जण जमणार असतील आणि दुधाच्या जोडीला ओव्हनमधून काढलेलं काहीतरी गरम गोड ठेवायचं असेल, तर या दिवसांत पेरू आणि सफरचंदाच्या क्रंबलइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. खाली शिजलेली फळं, वर ज्वारीच्या पिठाचा खुसखुशीत चुरा आणि शेजारी वाटीत गार सीताफळ रबडी. ओव्हनमध्ये ते जेमतेम चाळीस मिनिटं असतं आणि तिथे सहसा बिघडत नाही. बिघडतं ते आधी: फळांचं पाणी आटवलेलं नसतं, किंवा तूप पातळ असतानाच चुरा केलेला असतो. म्हणून खालची तयारी तीन दिवस आधीपासून सुरू होते. प्रमाण दहा जणांचं आहे.

सुरुवात सीताफळापासून करा, कारण ते आपल्या सवडीने पिकत नाही. बालाघाटच्या डोंगरात, धारूर-अंबाजोगाईकडे याच दिवसांत सीताफळाचा भर असतो. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. कोजागिरीच्या तीन दिवस आधी किलोभर फळं घ्या. डोळे मोठे झालेली, खवल्यांमधल्या भेगा पांढरट-पिवळसर पडलेली, पण हाताला अजून टणक लागणारी अशी बघून घ्या. डोळे मिटलेलं, गच्च हिरवं फळ तोडायला घाई झालेलं असतं. ते पिकण्याऐवजी काळं पडून आक्रसतं. फळं ज्वारीच्या किंवा तांदळाच्या डब्यात ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ हात लावून बघा. कच्चं सीताफळ फ्रिजमध्ये ठेवू नका, गारव्याने त्याचं पिकणं थांबतं आणि साल काळी पडते. पिकल्यावर मात्र एक दिवस फ्रिजमध्ये चालतं.

सीताफळ क्रंबलमध्येच घालून भाजावं असं कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. त्याच्या गराला आच लागली की तो कडवटतो आणि मग कितीही साखर घाला, जिभेवर मागे तो कडवटपणा राहतोच. म्हणून सीताफळ कायम गार आणि कायम शेवटी. आदल्या रात्री लिटरभर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवा, ४० ग्रॅम साखर घाला आणि पूर्ण गार करून फ्रिजमध्ये ठेवा. इथे गूळ नको. गरम दुधात गुळाने दूध फाटायची भीती असते. गर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढा: पुरणाच्या चाळणीत घेऊन हाताने हलके फिरवा, बिया वर राहतात. बियांसकट मिक्सरला लावायचा आळस करू नका, सीताफळाची बी विषारी असते आणि ती फुटता कामा नये. किलोभर फळांतून साधारण तीनशे ग्रॅम गर हाती येतो. वाढायच्या तासभर आधी तो थंडगार दुधात मिसळला की रबडी झाली. वेलची घालायचीच तर चिमूटभर. सीताफळाचा स्वतःचा वास पुरेसा असतो.

आता फळं. सफरचंदं किलोभर लागतील. काश्मीर आणि हिमाचलचा नवा माल याच सुमाराला बाजारात उतरतो, त्यामुळे फळ ताजं मिळणं अवघड नाही. अडचण वेगळीच आहे: आपल्याकडे सगळ्यांत जास्त मिळतं ते गडद लाल डिलिशियस, आणि ते शिजलं की लगेच पिठूळ होऊन त्याचा लगदा होतो. फळवाल्याला खायला गोड फळ न मागता कडक आणि आंबटसर मागा. बोटाने टिचकी मारली तर टणत्कार यायला हवा. बद्द आवाज आला तर आत भुसभुशीत आहे असं समजा. हिरवं परदेशी सफरचंद परवडत असेल तर निम्मं ते घ्या, त्याच्या फोडी मोडत नाहीत आणि आंबटपणाही मिळतो. फक्त लालच मिळालं तर फोडी मोठ्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या करा आणि शिजवायचा वेळ निम्म्यावर आणा.

पेरू अर्धा किलो, म्हणजे मध्यम आकाराचे तीन-चार. सरदार जातीचे, पांढऱ्या गराचे, हिरव्यावरून पिवळ्यावर जायला लागलेले आणि दाबल्यावर किंचितच दबणारे पेरू उत्तम. पूर्ण पिकलेला पेरू वासाला छान असतो, पण कढईत विरघळून जातो. पेरू पातळ सोला, उभे चार भाग करा आणि चमच्याने बियांचा गाभा खरवडून काढा. भाजलेल्या क्रंबलमध्ये दाताखाली पेरूची एक बी आली तरी खाणाऱ्याचा सगळा आनंद जातो, त्यामुळे हे काम निवांत बसून करा. तो गाभा मात्र टाकू नका. पेरूत पेक्टिन, म्हणजे रस घट्ट धरायला लावणारा घटक, भरपूर असतं. गाभा अर्धी वाटी पाण्यात पाच मिनिटं उकळून गाळणीतून दाबून गाळला की दाट, पांढरट, चिकट रस निघतो. हा रस फळांत घातला की रस्सा आपोआप धरून येतो आणि कॉर्नफ्लोअर चमचाभरच लागतं. कॉर्नफ्लोअर जास्त झालं तर फळं खळीत बुडाल्यासारखी लागतात.

आंबटपणासाठी लिंबूच वापरा. जालना-संभाजीनगर पट्ट्यात मोसंबी हाताशी असते आणि तिचा रस घालायचा मोह होतो, पण मोसंबीचा रस थोडा वेळ राहिला किंवा तापला की कडू होतो. मोसंबी सोलून गच्चीवर तशीच खायला द्या.

पिठाकडे वळू. ज्वारीचं पीठ १२५ ग्रॅम, कणीक १२५ ग्रॅम. एकट्या ज्वारीचा चुरा भाजल्यावर वाळूसारखा सुटा पडतो, कारण त्यात गव्हासारखा चिवटपणा नाही. एकट्या कणकेचा चुरा बिस्किटासारखा घट्ट होतो. निम्मं-निम्मं घेतलं की बाहेरून खुसखुशीत आणि मधून मऊ अशा गोळ्या पडतात. भाकरीला विरी (पिठाचा चिकटपणा) गेलेलं पीठ चालत नाही. इथे पीठ थापायचं नसल्यामुळे विरीची चिंता नाही, पण जुन्या पिठाला येणारा कडवट, खवट वास भाजल्यावर दुप्पट जाणवतो. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून बघा आणि शंका आली तर गिरणीतून पाव किलो ताजं, जरा जाडसर दळून आणा. ज्वारीचं पीठ कढईत मंद आचेवर पाच मिनिटं, वास सुटेपर्यंत भाजून घ्या. रंग बदलू देऊ नका आणि परातीत पसरून पूर्ण गार करा.

गूळ १०० ग्रॅम, किसून आणि चाळून. खडे राहिले तर ओव्हनमध्ये ते वितळून दात लागत नाहीत असे कडक ठिपके होतात. पन्नास ग्रॅम शेंगदाणे भाजून, साल काढून जाडसर कुटा, बारीक कूट नको, ते तेल सोडतं. पाव चमचा मीठ विसरू नका.

तूप हा या सगळ्यातला नाजूक भाग. आश्विनातल्या दुपारी स्वयंपाकघरात डब्यातलं तूप पातळच असतं, आणि पातळ तुपात पीठ कालवलं की त्याचा लाडवाचा लगदा होतो. भाजल्यावर तो तेलकट, सपाट थर बनतो. ११० ग्रॅम रवाळ तूप आदल्या रात्रीच वाटीत मोजून फ्रिजमध्ये ठेवा. चुरा सकाळी सात-आठच्या आत करा. दोन्ही पिठं, गूळ, कूट, मीठ परातीत एकत्र करून त्यात घट्ट तुपाचे तुकडे टाका आणि बोटांच्या टोकांनी चोळा, तळहात लावू नका. मूठ वळली पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर ती फुटली पाहिजे. तुपात पाणी नसल्यामुळे नुसत्या तुपाच्या गोळ्या धरत नाहीत, म्हणून शेवटी दोन चमचे थंडगार दूध शिंपडून बोटांनी हलवा: काही गोळ्या हरभऱ्याएवढ्या, काही बोराएवढ्या व्हाव्यात. डब्यात भरून थेट फ्रिजमध्ये ठेवा. तुपाऐवजी खारं पिवळं बटर घेणार असाल तर १३० ग्रॅम घ्या आणि मीठ व दूध दोन्ही वगळा. बटरमध्ये मीठही असतं आणि पाणीही.

भांडं दोन-अडीच लिटरचं, पसरट, पाच सेंटिमीटर खोल. ओव्हनची काच किंवा चिनी माती सगळ्यांत चांगली, स्टीलचा पसरट डबाही चालेल. साधा ॲल्युमिनियमचा टिन असेल तर आत बेकिंग पेपर लावा, लिंबाच्या आंबटाने फळांना धातूची चव येते. भांडं ओव्हनमध्ये खरंच मावतं का, हे आदल्या दिवशीच ठेवून बघा. ओटीजीची, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनची, पिन १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटला लावा. साध्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला लावून वायर तापवू नका. घरचा इन्व्हर्टर ओटीजी ओढत नाही. त्यामुळे आपल्या फीडरला संध्याकाळी लाइट जाण्याची सवय असेल, तर क्रंबल सहा-सातलाच भाजून ठेवा आणि वाढायच्या आधी १६० अंशांवर बारा मिनिटं परत गरम करा. अर्धवट भाजलेलं क्रंबल तासभर तसंच पडून राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

फळं शिजवायला संध्याकाळी सहाला घ्या; क्रंबल सहा-सातलाच भाजून ठेवणार असाल तर त्या मानाने लवकर. कढईत चमचाभर तूप, त्यात आधी पेरूच्या फोडी चार मिनिटं, कारण त्या कडक असतात; मग सफरचंद, ७५ ग्रॅम साखर, चमचाभर दालचिनी पूड आणि पाव जायफळ किसून. फळांत गुळापेक्षा साखर बरी, गुळाखाली पेरूचा वास दबतो. सफरचंदात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते इथे कढईत सुटू द्या, नाहीतर ओव्हनमध्ये सुटून वर चढेल आणि चुरा खालून भिजवेल. दोन मिनिटं झाकण, मग चार मिनिटं उघडं. फोडीत सुरी गेली पाहिजे, पण मध्यभागी थोडी अडली पाहिजे. मग पेरूचा गाळलेला रस घाला. एक चमचा कॉर्नफ्लोअर एका लहान लिंबाच्या रसात आणि दोन चमचे पाण्यात कालवून ओता आणि मिनिटभर खदखदू द्या. उलथनं फिरवल्यावर कढईच्या तळाशी क्षणभर वाट उघडी राहिली की गॅस बंद. भांड्यात पसरा आणि पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्या. गरम फळांवर चुरा घातला तर तूप तिथेच वितळतं आणि चुरा खाली बुडतो. गार करायला काचेचं भांडं फ्रिजमध्ये टाकून मग तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवू नका, काच तडकते.

दहाला वाढायचं असेल तर पावणेनऊला ओव्हन १८० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू करून पंधरा मिनिटं तापवा. नऊ वाजता फ्रिजमधला चुरा फळांवर सैलसर पसरा, चमच्याने दाबू नका. दाबलेल्या चुऱ्यातून वाफ निघत नाही आणि पीठ मध्ये कच्चं राहतं. मधला रॅक, पस्तीस ते चाळीस मिनिटं. गुळामुळे रंग लवकर चढतो, म्हणून पंचविसाव्या मिनिटाला डोकावून बघा. वरून गडद होत असेल तर फॉइल अलगद झाका. नुसत्या रंगावर भाजलं असं मानू नका. कडेने रस दाट बुडबुडे काढायला लागला की झालं. तसे बुडबुडे आले नाहीत तर कॉर्नफ्लोअर पुन्हा नीट शिजलेलं नसतं आणि वाढताना रस पाण्यासारखा सुटतो. काढल्यावर भांडं कोरड्या लाकडी पाटावर ठेवा, ओल्या ओट्यावर नाही. वीस मिनिटं हात लावू नका, या वेळात रस धरतो आणि जिभाही वाचतात.

ओव्हन नसेल तर कढईतला केक करतात तसं मिठावर भाजता येतं, पण वरून आच नसल्याने चुरा पांढराच राहतो. त्यापेक्षा चुरा पसरट तव्यावर मंद आचेवर सतत हलवत पंधरा मिनिटं तांबूस भाजून घ्या, फळं वेगळी कढईत पूर्ण शिजवा आणि वाढताना गरम फळांवर चुरा घाला. ओव्हनच्या क्रंबलला ते थोडं उणं पडतं, पण चुऱ्याचा कुरकुरीतपणा मात्र इथे जास्त टिकतो. कोणाचा उपास असेल तर ज्वारी-कणकेच्या जागी राजगिऱ्याचं पीठ घेऊन एक वाटी वेगळी भाजा आणि त्यांच्या फळांत कॉर्नफ्लोअर घालू नका, पेरूचा रस पुरेसा होतो.

वाढताना खोल वाट्या घ्या, चमचा तळापर्यंत घालून फळं आणि चुरा एकदम उचला. रबडी वरून ओतू नका. बाजूने सोडा, म्हणजे चुरा कोरडा राहतो आणि गरम फळांनी सीताफळ तापत नाही. उरलेलं क्रंबल दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर चुरा मऊ पडतो, ओटीजीत किंवा झाकण न ठेवता तव्यावर गरम करा. रबडी उरली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा, सीताफळ पडून राहिलं की काळवंडतं.