विद्यापीठातल्या इलेक्ट्रॉनिक सूचनाफलकाची घडी कशी बसवावी

टीव्ही भिंतीवर लागलाय, मागे छोटा संगणक जोडलाय, वीज आणि नेट आहे, असं धरून चालतो. तेवढं काम इलेक्ट्रिशियन करून देतो. फलक वाया जातो तो नंतर, त्यावर काय कुठे लावायचं हे कुणी न ठरवल्यामुळे.

आधी माणूस नेमा. सूचना कुणीही पाठवो, चढवणार एकच. तो रजेवर असेल तेव्हा कोण, हेही ठरवून ठेवा.

मजकूर युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर सारख्याच उघडणाऱ्या अक्षरसंचात) मागा. श्रीलिपी-कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं पत्र दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत उघडतं.

आता वर्गवारी. मला सगळ्यात जास्त याच टप्प्यानं छळलंय, म्हणून सविस्तर सांगतो. बहुतेक ठिकाणी फलकाचे भाग कार्यालयांच्या नावानं पाडतात: परीक्षा विभाग, पात्रता विभाग, विद्यार्थी विकास मंडळ, वसतिगृह, ग्रंथालय. फायली तशाच लावलेल्या असतात, त्यामुळे कार्यालयाला ते सोपं जातं. पण दुसऱ्या वर्षाच्या मुलीला पुनर्मूल्यांकनाची मुदत हवी असते. ते पत्र कुठल्या टेबलावरून सुटलं, हे तिनं का शोधत बसावं?

भाग पाडा ते वाचणाऱ्याच्या गरजेवरून. चार पुरतात: आजचं (तास रद्द, खोली बदलली), मुदतीचं (परीक्षा अर्ज, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी, शिष्यवृत्ती), संधी (नोकरी, स्पर्धा) आणि कार्यक्रम. ‘इतर’ नावाचा पाचवा भाग कुणी कितीही आग्रह केला तरी करू नका. महिनाभरात निम्म्या सूचना त्यात जाऊन पडतात.

हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९७९ साली ज्या युजनेटची, म्हणजे संगणकांवरून चालणाऱ्या चर्चागटांच्या जाळ्याची, कल्पना निघाली, तिथेही आधी ‘नेट’, ‘मॉड’, ‘एफए’ असे गट होते. ‘एफए’ म्हणजे अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरून आलेलं आणि ‘मॉड’ म्हणजे कुणीतरी तपासून सोडलेलं. मजकूर कशाबद्दल आहे, हे त्यावरून कळायचं नाही. पसारा वाढल्यावर १९८६-८७ मध्ये सगळी नावं बदलून संगणक, विज्ञान, समाज, करमणूक अशा विषयवार सात शाखा कराव्या लागल्या. तुम्ही ते पहिल्याच दिवशी करा.

वर्गवारीइतकीच महत्त्वाची आहे उतरवण्याची तारीख. ती नसेल तर सूचना घेऊच नका, मग पाठवणारा विभागप्रमुख का असेना. मुदत संपलेल्या चार सूचना दिसल्या की मुलं फलकाकडे बघणं सोडतात, आणि पुन्हा बघायला लागत नाहीत. शुद्धिपत्रक आलं तर मूळ सूचना त्याच क्षणी काढा. दोन्ही एकामागोमाग फिरत राहिली, तर कुणीतरी जुनीच तारीख टिपून घेतो आणि विलंब शुल्क भरतो.

परिपत्रक जसंच्या तसं स्कॅन करून चढवू नका. उभा ए-४ कागद आडव्या पडद्यावर मावत नाही आणि मावला तर वाचता येत नाही. ‘विषय : उन्हाळी सत्र परीक्षेची आवेदनपत्रे सादर करणेबाबत’ यातून कुणाला काय कळणार? पडद्यावर एवढंच हवं: ‘बी.ए. दुसरं वर्ष. परीक्षा अर्ज. विलंब शुल्काशिवाय शेवटचा दिवस: शुक्रवार, १३ मार्च.’ दहा फुटांवरून वाचायचं, तर अक्षर इंचभर तरी ठेवा.

एक पान पंधरा सेकंद. एका फेरीत आठापेक्षा जास्त पानं नकोत. जिन्याशी थांबलेला विद्यार्थी दोन मिनिटांहून जास्त थांबत नाही. ‘आजचं’ मात्र दर तिसऱ्या पानाला पुन्हा येऊ द्या.

जावक क्रमांक प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात टाका, आणि सहीचं मूळ परिपत्रक कागदी फलकावर लावणं चालू ठेवा. मुदतीवरून वाद झाला की कार्यालय तोच कागद मागतं.