कन्सोल घ्यायचा की पीसी? बजेट टाइट असेल तर आधी हे वाचा

आधी घरात काय आहे ते बघा. चांगला टीव्ही असेल आणि फक्त गेमच खेळायचेत तर कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमिंग मशीन), विषय संपला. पण डिस्कवालाच घ्या हां, एक्सबॉक्स सीरीज एस स्वस्त वाटतो पण त्यात डिस्क ड्राइव्हच नाही, म्हणजे सेकंडहँड डिस्क घेऊन खेळून परत विकायची जी खरी बचत असते तीच गेली. शिवाय पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५) वर विकतचे गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लस या सबस्क्रिप्शनचे पैसे वेगळे, ते कोणी हिशोबात धरतच नाही.

कॉलेजचं काम, एडिटिंग किंवा काउंटर-स्ट्राइकसारखा पीसीवरचा गेम असेल तर मात्र पीसीच. पैसे कमी पडतायत? रायझन ५ ५६००जी (ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर), ८-८ जीबीच्या दोन रॅम (एकच लावली तर ग्राफिक्स मार खातं) आणि एसएसडी एवढ्यावर सुरू करा, ग्राफिक्स कार्ड नंतर टाका. पॉवर सप्लाय आत्ताच चांगला घ्या, मी तिथे कंजूसी केली आणि दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

पार्ट घेताना, ठाण्याकडचे असाल तर आधी तिथल्या दुकानात कोटेशन काढा, मग दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडला (मुंबईचं कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्स मार्केट) तीन-चार दुकानं फिरा, आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय निघू नका, वॉरंटीला तेच विचारतात.