थायलंडला जायच्या आधी थोडी थाई: वही देवनागरीतच ठेवा

बँकॉक-फुकेतची तिकिटं काढली की आपल्याकडचे लोक आधी ठेपले आणि रेडीमेड पोह्यांची पाकिटं बॅगेत भरतात, भाषेचं काय ते तिथे गेल्यावर बघू, इंग्लिश चालतं म्हणे. चालतं की, पण हॉटेलच्या रिसेप्शनवर आणि मॉलमध्ये. गल्लीतल्या खाण्याच्या गाडीवर, भाजीबाजारात, मोटरसायकल टॅक्सीवाल्यापाशी बहुतेक वेळा नाही चालत. मी नोकरीसाठी बँकॉकला राहायला आले आणि इथेच थाई शिकले, म्हणजे गप्पा मारण्याइतकी, पेपर वाचण्याइतकी नाही. नवीन येणारे मराठी लोक विचारतात की कुठून सुरुवात करू, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिली गोष्ट, इंग्लिश अक्षरांत लिहिलेल्या थाई वाक्यांच्या याद्या पाठ करू नका. ते स्पेलिंग आपल्यासाठी नाहीच, त्यात स्वर लांब की आखूड कळत नाही, सूर तर दिसतच नाही, आणि टी-एच दिसलं की एकजण थ वाचतो दुसरा त. सरळ वही घ्या, ऑडिओ ऐका आणि कानाला जे येतं ते देवनागरीत लिहा. थाईमध्ये क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे वेगवेगळे उच्चार आहेत आणि ते चुकले की शब्दच बदलतो. माझ्या क्लासमधले युरोपियन यावर घाम गाळत होते, आपल्याला ते फुकट मिळालंय. उदाहरण घ्या, कोंबडी म्हणजे 'काय' आणि अंडं म्हणजे 'खाय'. सूर दोन्हीचा एकच, खालचा, फरक फक्त क-ख चा. (त्यामुळे गाडीवर उभं राहून आपापसात 'काय काय आहे?' जरा जपून बोला.) फक्त फ बोलताना दात ओठावर टेकवू नका, फळातला फ हवा, फॅनमधला नको, कारण फॅनमधला फ त्यांच्याकडे वेगळा आहे. ॲ आणि ऑ पण आहेत, महाग म्हणजे 'फॅङ', शंभर म्हणजे 'रॉय'. आपल्याकडे नसलेला एक स्वर मात्र आहे, 'एक' या आकड्यातला, मी वहीत 'नुङ' लिहिते पण तो उ नाही, ओठ ई म्हणताना पसरतो तसे पसरायचे आणि आतून उ म्हणायचा. सुरुवातीला विचित्र वाटतं, आरशासमोर करा.

आता सूर. थाईमध्ये पाच आहेत: सपाट, खालचा, पडता, वरचा आणि चढता. पाठ करायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक शब्द सुरासकटच ऐका आणि वहीत शब्दावर रेघ काढून ठेवा, वर जाणारी, खाली पडणारी, जशी ऐकू येईल तशी. मराठी माणूस नेमका कुठे अडकतो सांगते. आपण प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट वर नेतो, 'जाणार?' असं. थाईत तसं केलं की शेवटच्या शब्दाचा सूर बिघडतो आणि समोरचा नुसता बघत राहतो. तिथे प्रश्नासाठी शेवटी 'माय' लावतात, आपण 'का' लावतो ना, 'जाणार का', तसंच 'पाय माय'. म्हणजे प्रश्नाचं काम तो शब्द करतो, तुम्ही आपला आवाज वर न्यायचा नाही. गंमत म्हणजे 'नाही' साठीचा शब्दसुद्धा 'माय'च आहे पण तो पडत्या सुरात आणि शब्दाच्या आधी येतो, 'माय आव' म्हणजे नको. जागेवरून कळतं, घाबरू नका. खरी भीती 'क्लाय'ची. सपाट म्हटलं तर लांब, पडत्या सुरात म्हटलं तर जवळ! त्यामुळे रस्ता विचारताना जवळ आहे का वगैरे विचारूच नका, 'की नाथी' विचारा, म्हणजे किती मिनिटं, उत्तरात आकडा येतो. आणि कुणाला सुंदर म्हणायचं असेल तर 'सुआय' चढत्या सुरातच, सपाट सुआय म्हणजे फुटक्या नशिबाचं.

शेवटच्या अक्षराचंही बघा. त, प, क शेवटी आले की ते गिळतात, जीभ टेकली किंवा ओठ मिटले की तिथेच थांबायचं, हवा सोडायची नाही. शेवटी र किंवा ल असेल तर त्याचा न होतो, म्हणून बिल मागायचं तर 'चेक बिन'. आपला आहार त्यांच्याकडे 'आहान' म्हणून जेवणाच्या टेबलावर आलाय, आणि टॅक्सीवाल्याला सुवर्णभूमी एअरपोर्ट म्हणून कळलं नाही तर 'सुवन्नफूम' म्हणा. संस्कृत-पालीतून आलेले असे शब्द ढीगभर सापडतील, पण त्यांच्या जिवावर बोलता येईल असं समजू नका, रोजचं बोलणं बहुतेक छोट्या छोट्या थाई शब्दांवरच चालतं.

नमस्काराला 'सवात्दी', हा आपल्या स्वस्तिवरूनच घेतलेला. आभाराला 'खॉप खुन', माफ करा किंवा जरा ऐकता का यासाठी 'खॉ थोत'. पण या सगळ्यांच्या शेवटी पुरुषाने 'ख्रप' आणि बाईने 'खा' लावायचंच, न लावता बोललं तर तुसडं वाटतं. करतो-करते मध्ये बोलणारा कोण ते कळतं तशीच भानगड, समोर कोण आहे याचा संबंध नाही. ग्रुपमधले काका टूर गाईड बाईचं ऐकून सगळीकडे 'सवात्दी खा' म्हणत फिरतात, लोक हसून सोडून देतात म्हणा. बायकांनी अजून एक, साध्या वाक्यात 'खा' पडता आणि प्रश्नात वरचा, दोन्ही आखूड. वेटरला हाक मारताना लहान असेल तर 'नॉङ', मोठा असेल तर 'फी', म्हणजे धाकटं भावंड, थोरलं भावंड. दादा-ताई म्हणायची सवय आपल्याला आहेच.

आकडे मात्र घोटून पाठ करा, आणि बोलण्यापेक्षा ऐकण्याची प्रॅक्टिस जास्त करा. नुङ, सॉङ, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काव, सिप. अकरा 'सिप-एत', वीस 'यी-सिप', पुढे सरळ हिशोब, पस्तीस म्हणजे 'साम-सिप-हा', हजाराला 'फन'. पाचला 'हा' म्हणतात म्हणून थाई लोक चॅटमध्ये हसताना ५५५ टाइप करतात. 'अन नी थावराय' म्हणजे हे केवढ्याला, हे विचारणं सोपंय हो, उत्तर फाडकन येतं तेव्हा फजिती होते. त्यात बँकॉकमध्ये बोलताना र चा ल होतो, रॉय 'लॉय' ऐकू येतं, ख्रप चं नुसतं 'खप' होतं. बाजारात 'लोत दाय माय' म्हणजे कमी होईल का, हसत विचारा, पण भाव लिहिलेल्या दुकानात किंवा खाण्याच्या गाडीवर घासाघीस नको, बरं दिसत नाही.

शाकाहारी लोकांनी हा भाग नीट वाचा. 'माय साय' म्हणजे घालू नका, पुढे पदार्थ जोडा: माय साय काय, माय साय खाय, माय साय मू (डुकराचं मांस), आणि सगळ्यात महत्त्वाचं 'माय साय नामप्ला', म्हणजे फिश सॉस नको, नाहीतर नुसत्या भाज्यांच्या डिशमध्येही तो असतो. 'मङसविरत' म्हणजे शाकाहारी, पण त्यात अंडं चालतं असं बरेच जण धरतात. त्याहून कडक शब्द 'चे', यात मांस, मासे, अंडी, दूध काही नाही आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात เจ दिसलं की निवांत आत शिरा, हे एवढं एक थाई चिन्ह फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवाच. वर्षातून एकदा, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नऊ दिवस चे चा सण असतो, फुकेतला सगळ्यात मोठा, तेव्हा तर मजाच. तिखटासाठी 'माय फेत', अर्थात त्यांचं माय फेत पण कधी कधी कोल्हापूरला भारी पडतं.

प्रॅक्टिस कुठे करायची तर सेवन-इलेव्हनमध्ये, चौकाचौकात आहे. काउंटरवरची मुलगी सँडविच हातात घेऊन 'उन माय खा' विचारेल, म्हणजे गरम करून देऊ का, हवं तर 'उन खा' म्हणायचं, पिशवी नको तर 'माय आव थुङ'. रोज तेच प्रश्न, तीच उत्तरं, त्यामुळे कान पटकन तयार होतो.

ॲलर्जी असेल तर मात्र उच्चारावर भरवसा ठेवू नका. 'फॅ थुआ लिसोङ' म्हणजे शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, पण हे हॉटेलवाल्याकडून थाई अक्षरांत लिहून घ्या आणि ऑर्डर देताना कागदच दाखवा. टूरिस्ट पोलीस ११५५, ॲम्ब्युलन्स १६६९, दोन्ही नंबर त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.