नेटवाल्याला शिव्या घालायच्या आधी दोन पिंग मारा

आमचं ऑफिस सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलचं काम, फोन सगळे नेटवरून. रोज चार वाजले की पार्टी पलीकडून ओरडायची, "आवाज तुटायलाय ओ", आणि इकडं स्पीडटेस्ट १०० एमबीपीएस दाखवणार. आता स्पीडचं म्हणाल तर जी.७११ कोडेकच्या (आवाजाचा डेटा करायची एक पद्धत) एका कॉलला एका बाजूला जेमतेम ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे भानगड दुसरीकडंच असते.

आवाज तुटत असतानाच बघायचं, नंतर बघून उपयोग नाही. केबल लावलेल्या पीसीवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा, एकीत राउटरला पिंग (डेटाचं छोटं पॅकेट जाऊन यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवतं), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर गूगलच्या सर्व्हरला, मागं मायनस टी (-t) लावा म्हणजे थांबत नाही, पाच मिनिटं चालू दे. राउटरचाच पिंग १ वरनं ८० वर उड्या मारत असला तर घोळ घरातलाच, केबल नाहीतर स्विच बघा. राउटर गप आणि बाहेरचा उड्या मारतोय तर पुढं चला.

जिटर, म्हणजे पॅकेट यायच्या वेळेतला चढउतार, ३० मिलिसेकंदाच्या आत आणि पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवलेली पॅकेटं, १ टक्क्याच्या आत पाहिजे. एका बाजूचा उशीर १५० पर्यंत चालतो, पण पिंग जाऊन-येऊन मोजतो म्हणून तिथं ३०० धरा.

नीट बघायचं तर वायरशार्क, नेटवर्कवरची पॅकेटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. टेलिफोनी मेनूत आरटीपी स्ट्रीम्स (आरटीपी म्हणजे कॉलचा आवाज वाहून नेणारी पॅकेटं) उघडलं की प्रत्येक कॉलच्या दोन ओळी दिसतात, जाणारी आणि येणारी, लॉस-जिटरसकट. इथं मी दोन दिवस फसलो बघा, जाणारी ओळ एकदम साफ दिसायची. साफच दिसणार की, पॅकेट अजून बाहेर पडलेलंच नाही! त्या बाजूचे आकडे पार्टीकडूनच मागवायला लागतात. आणि टेबलावरच्या फोनचा ट्रॅफिक साध्या स्विचवर तुमच्या पीसीला दिसतच नाही, मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर पोर्ट मिररिंग करा, म्हणजे फोनच्या पोर्टची नक्कल तुमच्या पीसीकडं येते.

आमच्यात चोर निघाला डिझाईनचा पीसी, चारला फोटोंचा बॅकअप क्लाउडवर टाकायचा आणि अपलोड फक्त १० एमबीपीएस, सगळं तोच खायचा. बॅकअप रात्री ११ ला ढकलला, राउटरच्या क्यूओएसमध्ये (कुणाच्या डेटाला आधी सोडायचं ते ठरवायची सेटिंग) अपलोड ९ वर बांधून फोनला पहिला नंबर दिला.

हे करूनही बाहेरचा पिंग नाचतोय तर मग खुशाल नेटवाल्याला फोन लावा, पण वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आधी पाठवा, नाहीतर "राउटर बंद करून चालू करा" एवढंच ऐकायला मिळतं.