बोन मॅरोनंतर लिव्हरचं दुखणं कसं ओळखायचं

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाला की घरच्यांचं सगळं लक्ष काउंटवर, म्हणजे रक्तातल्या पेशी किती वाढल्या त्यावर असतं, आमचंही तसंच होतं, पण भावाच्या लिव्हरचा पहिला इशारा दिला तो वजनकाट्याने. डे प्लस 11 ला, म्हणजे ट्रान्सप्लांटनंतर अकराव्या दिवशी, 52 किलोचा 54 झाला, जेवण तर दोन घास, आणि पायजम्याची नाडी पोटात रुतून वळ उठलेला. डोळे तेव्हा अजून पांढरेच होते, कावीळ दिसत नव्हती.

म्हणून रोज सकाळी त्याच काट्यावर, लघवी झाल्यावर वजन घ्या आणि वहीत लिहा. पहिल्या तीन आठवड्यांत वजन वाढणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, पोट फुगणं आणि बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) 2 च्या वर, हे एकत्र आलं की डॉक्टरांना व्हीओडीचा संशय येतो, म्हणजे केमोमुळे लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात. निकषात वजनवाढ 5 टक्के धरतात, पण तिथवर थांबू नका, त्याच दिवशी सांगा. लहान मुलांत बिलिरुबिन न वाढताही व्हीओडी होतो, आणि प्लेटलेट चढवूनही टिकत नसतील तर तेही आवर्जून बोला.

मग डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी करतात, पोटात पाणी आहे का आणि पोर्टल व्हेनमधलं (लिव्हरकडे रक्त नेणारी मोठी शीर) रक्त उलटं वाहतंय का ते बघायला. पण सुरुवातीला डॉपलर नॉर्मलही येऊ शकतो, त्यामुळे एका रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. बायोप्सी लागलीच तर मानेतल्या शिरेतून करतात, प्लेटलेट कमी असताना पोटातून सुई घालणं धोक्याचं.

काउंट आल्यानंतर, म्हणजे नव्या मॅरोने पेशी बनवायला लागल्यावर कावीळ, सोबत अंगावर पुरळ किंवा जुलाब असतील तर जीव्हीएचडीकडे बघतात, म्हणजे दात्याच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करतात. हिपॅटायटिस बी परत उसळलाय का, फंगसच्या गोळ्या किंवा सायक्लोस्पोरिन (जीव्हीएचडी रोखायचं औषध) बाधतंय का, इन्फेक्शन आहे का, हेही तपासावं लागतं, आणि कधी कधी दोन कारणं एकत्रच असतात. थॅलेसेमियाच्या मुलांचं लिव्हर सतत रक्त चढवल्याने अनेकदा आधीच लोखंडाने भरलेलं असतं, त्यामुळे बोरिवलीच्या पालिकेच्या ट्रान्सप्लांट सेंटरला किंवा खारघरच्या टाटाच्या सेंटरला जाल तर जुने फेरिटिनचे (अंगात साठलेल्या लोखंडाचे) रिपोर्ट न विसरता न्या.

एक कळकळीने सांगते, गावाहून आलेला गुळवेलीचा काढा देऊ नका. 2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेलीने लिव्हर बिघडलेले पेशंट नोंदवलेत. आमच्या आत्याने प्रेमाने बाटली आणली होती, मी ती नर्सला दाखवली आणि परत पाठवली, आत्या रुसली, रुसू दे.