मशीनवर, बॅटरीवर काम करताना अंगठी, कडं, मंगळसूत्राचं काय करायचं

अंगठी काढून ठेव म्हटलं की लोक म्हणतात, इतकी वर्षं घालूनच काम करतोय, काही झालं नाही. झालं नाही कारण ती अजून कुठं अडकली नाही, एवढंच. टेम्पोच्या फाळक्यावरून उडी मारताना अंगठी हुकात अडकली तरी सगळं वजन त्या एका बोटावर येतं आणि कातडी मोज्यासारखी सोलून निघते, कधी कधी बोटच जातं, मशीन चालू असायचीही गरज नाही.

कडबाकुट्टी, मळणी यंत्र, लेथ, ड्रिल, गिरणीचा पट्टा, इथं कडं, बांगड्या, चेन, ओढणी काहीच नको. कुट्टीत पेंढी सारताना रोलरनं कडं धरलं की हात मागं घ्यायला वेळच मिळत नाही. आणि अंगठीवर हातमोजा चढवला म्हणजे झालं असं अजिबात नाही, फिरत्या ड्रिलमध्ये तो हातमोजाच गुंडाळला जातो.

गाडीच्या बॅटरीवाल्यांनी आधी अंगठी काढा मग पाना उचला. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून सगळे निर्धास्त, पण प्लसवरच्या पान्याला लागलेली अंगठी बॉडीला टेकली तर शेकडो अँपिअर करंट तिच्यातून जातो, क्षणात ती तापते आणि बोट गोल भाजतं. मायनस आधी सोडवा, जोडताना शेवटी जोडा.

मंगळसूत्राचा विषय नाजूक आहे पण बोलायलाच हवं. आत खोचलं तरी वाकल्यावर बाहेर येतं. शिफ्टपुरतं काढून लॉकरमध्ये ठेवा, लॉकर नसेल तर मागून घ्या, कितीतरी बायका फक्त चोरीच्या भीतीनं काढत नाहीत हे मालकांनी समजून घ्यावं. काढायचं नसेलच तर त्या बाईला पॅकिंगला बसवा, फिरत्या मशीनवर नको.

अंगठी निघत नसेल तर थोडा वेळ हात वर धरा, खोबरेल किंवा साबण लावून फिरवत काढा. तरी नाही निघाली तर शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून तळहाताकडं सरकवा, उरलेला दोरा अंगठीला लागून नखाच्या दिशेनं सांध्यापलीकडं घट्ट गुंडाळा, मग तळहाताकडचं टोक नखाकडं ओढत दोरा उलगडत जा, अंगठी सरकत येते. बोट निळं किंवा बधिर झालं असेल तर हे करत बसू नका, दवाखान्यात कटरनं कापून देतात.

बोट तुटलंच तर जखम दाबून धरा, तुकडा स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळून पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फात ठेवा, तुकड्याला थेट बर्फ लावू नका, आणि पेशंटसोबतच न्या.