इंदूर ते पुणे विमानाने: तयारी घरापासून घरापर्यंतची

इंदूर आणि पुणे यांच्यातले सरळ हवाई अंतर साधारण ५०० किलोमीटर, रस्त्याने मात्र सहाशेच्या घरात. तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास वेळ दिसतो. तेवढाच धरून गेल्या वर्षी आम्ही भाच्याच्या लग्नाला निघालो आणि सीमांत पूजन आटोपल्यावर पोचलो. ताईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून यंदा तयारी उलटीकडून, मुहूर्तापासून मागे मोजत करायची.

तिकिटावरच्या वेळेत जमिनीवर धावण्याचा वेळही येतो. इतक्या कमी अंतरात बराचसा वेळ चढण्यात आणि उतरण्यातच जातो, त्यामुळे पूर्ण वेगाने उडणे थोडकेच. खरा वेळ लागतो तो आधी आणि नंतर. समजा, विमान दुपारी दीडचे आहे. सामानाचा काउंटर तासभर आधी बंद होतो असे धरा आणि साडेअकराला विमानतळावर पोचा. सुदामानगरहून पावणेअकराला निघालेले बरे. बडा गणपतीपाशी गाड्या अडकतात आणि रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, असेल तर राजवाड्याकडून जायचा विचारही नको. पावणेतीनला पुण्यात उतरलात तरी सामान हाती येईपर्यंत सव्वातीन होतात. लोहगावहून कोथरूड गाठायला आणखी तास-सव्वा तास. म्हणजे घर ते घर जवळजवळ सहा तास! रात्रीच्या बसपेक्षा हे कितीतरी सुखाचे, पण संध्याकाळच्या गोरज मुहूर्तासाठी त्याच दुपारी निघणे मला पटत नाही. आदल्या दिवशीच जा. डिसेंबर-जानेवारीत तर नक्कीच, कारण दिल्लीत धुके पडले की तिकडून येणारे विमान रखडते आणि आपण इथे ऊन खात बसतो.

तिकीट काढण्याआधी आधार कार्ड समोर ठेवा. आपल्याकडे बायकांची नावे तिकिटावर सासरची आणि कार्डावर माहेरची, असे सर्रास होते. कार्डावर असेल तेच नाव लिहा. आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर निदान दोन दिवस आधी सांगून ठेवा.

सामानाचे वजन घरीच करा. साधारण १५ किलो आत जाते आणि ७ किलो हातात राहते. नेमका आकडा तिकिटावर पाहून घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवा. त्यातल्या तेलामुळे खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते विमानात चालत नाही. ओटी पुण्यातल्या खोबऱ्याने भरता येईल. शेव आणि बाकरवड्या खुशाल न्या, लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत घाला. दागिने, औषधे आणि आहेराची एक साडी हातातच असू द्या.

लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे, तिथे फोटो काढू नका. घ्यायला येणाऱ्याला उतरण्याची वेळ न सांगता त्यानंतर अर्ध्या तासाची सांगा.